ताडपत्रीचे पैसे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडायला गेलेल्या गड्यानं तिथूनच हाक मारली, "ताई, कोणीतरी गोऱ्हं टाकून गेलंय!"

खताच्या रिकाम्या गोणीवर काळं-पांढरं एचएफचं, म्हणजे होल्स्टिन या दुधाळ विदेशी जातीचं गोऱ्हं पडलं होतं. नाळ अजून ओली. म्हणजे रात्रीच जन्मलेलं, आणि चीक पाजलाय का हे विचारावं तर आणणारा पसार.

नाशिकजवळच्या गिरणाऱ्यापाशी, द्राक्षबाग मोडलेल्या जमिनीवर आम्ही म्हाताऱ्या आणि नकोशा झालेल्या जनावरांचा गोठा चालवतो. (मेंढ्या मात्र घेत नाही. बागेवर वर्षानुवर्षं बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं औषध, मारलेला, मातीत तांबं साचलेलं, आणि मेंढीला तांबं फार लवकर बाधतं.) लोकांना वाटतं, इथे थकलेले बैल आणि वरातीच्या घोड्या येत असतील. येतातही. पण फोन जास्त येतात ते दुधाच्या गोठ्यांतल्या नरांसाठी. संकरित गोऱ्ह्याला वशिंड जेमतेम, त्यामुळे मानेवर जू ठरत नाही. ऊनही सोसत नाही. कालवडीच व्हाव्यात म्हणून कृत्रिम रेतनासाठी खास वेगळ्या केलेल्या रेतमात्रा मिळतात, पण त्या महाग, आणि त्यांतूनही अधूनमधून गोऱ्हा होतोच.

गाईच्या पोटात असताना वासराला रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, ती चिकातून येते. आणि ती शोषून घ्यायचं आतड्याचं दार जन्मानंतर साधारण चोवीस तासांत बंद होतं. पहिले काही तास सगळ्यांत मोलाचे. म्हणून शेजारच्या गोठ्यात गाय व्याली की मी बाटली घेऊन हजर! खरवसावर पाणी सोडून चीक देणारे शेजारी मिळाले, हे आमचं नशीब. तो फ्रीजरमध्ये असतो. वितळवायचा कोमट पाण्यातच. उकळत्या पाण्यात बाटली टाकली तर खरवस होईल, वासराच्या उपयोगाचा राहणार नाही.

तीस किलोच्या वासराला तीन लिटर लागतो. हे पठ्ठं निपल तोंडात धरेना. बोट चोखायला दिलं, बोटाशेजारून निपल सरकवलं, तेव्हा कुठे अर्धा लिटर गेला. नाळेला आयोडीन लावलं, अंगाखाली कोरडा भुसा पसरला. उरलेला चीक थोडा थोडा देत बसले होते, तेवढ्यात पिकअप आली.

घोटीकडचे एक बाबा, त्यांचा मुलगा, आणि मागे डांगी बैलांची जोडी. शिंगांचा हिंगूळ ताजा, गळ्यात कालच्या फुलांच्या माळा. कातडीला डांगींचा तो तेलकट तजेला. त्याच्या जोरावर ही जात इगतपुरीचा पाऊस अंगावर घेते. वय झालेलं होतं, दात झिजले होते, पण लंगडेपणा नव्हता, डोळे स्वच्छ होते.

"यंदा चिखलणी टिलरनं केली," मुलगा म्हणाला. "ट्रॅक्टरबी घेतलाय. गोठ्याच्या जागी त्याची शेड करायची. म्हंटलं, पोळा होऊ द्यावा, मग सोडावं."

बाबा गाडीतून उतरलेच नव्हते.

२०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हातारा बैल विकायचा रस्ता बंद झाला, पण त्याचा चारा कोणी भरायचा हे काही ठरलं नाही. चारशे किलोचा बैल दिवसाला दहा किलो कोरडा चारा खातो. जोडीचं वर्षाचं सात टन. आमच्याकडे कडबा होता तो आहे त्याच जनावरांना उन्हाळ्यापर्यंत पुरवायचा होता, आणि त्यात सकाळी एकाची भर पडलेली.

शिवाय माझं एक मत आहे आणि त्यावरून माणसं माझ्यावर रागावतात: ज्या जनावराला माणूस आहे, त्यानं आमच्याकडे येऊ नये. गोऱ्ह्याला कोणी नव्हतं. या बैलांना होतं, आणि ते गाडीत तोंड फिरवून बसलं होतं.

मी खिडकीशी गेले. "बाबा, तुमचं काय म्हणणं आहे?"

"माझं कोण विचारतंय?" मग जरा वेळानं, "लाल्या डाव्या अंगाला जुंपलेला. त्याला चांद्याच्या उजवीकडं बांधू नका, चारा सोडतो."

हे ऐकल्यावर मला जोडी ठेवून घेणं शक्य नव्हतं. मी मुलाला स्पष्ट सांगितलं: बैल परत न्यायचे. उन्हाळ्याचे चार महिने निम्मा चारा आमचा, डॉक्टर आमचा, बाकी तुझं. बाबा आहेत तोवर जागा हलवायची नाही.

मुलगा चिडला. यायचं भाडं, जायचं भाडं, दिवस मोडला, आणि वर हे. त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. कर्ज काढून घेतलेला ट्रॅक्टर पावसात भिजताना बघणं सोपं नसतं. "मग ट्रॅक्टर कुठं उभा करू? डोक्यावर घेऊ?"

"ताडपत्री घाल."

"आणि ताडपत्रीचे पैसे?"

बाबा इतक्या वेळात पहिल्यांदा हसले. पैसे आम्हीच दिले. सात टन चाऱ्यापुढे ताडपत्री स्वस्तच पडली.