लॉगमधली पहिली चूक: डब्ल्यूआरएफ कंपाइल करण्याचा माझा अनुभव

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला, तर त्याच काळात कुलाब्याला शंभर मिलिमीटरही पडला नाही. ही तफावत संगणकीय हवामान-प्रारूपात कितपत उतरते हे मला प्रबंधासाठी तपासायचे होते. त्यासाठी डब्ल्यूआरएफ हे हवामान-प्रारूप विभागाच्या सर्व्हरवर मूळ सोर्सकोडपासून कंपाइल करणे, म्हणजे त्या कोडपासून चालवता येणारा प्रोग्रॅम तयार करणे, आवश्यक होते, आणि त्यात माझे अकरा दिवस गेले.

सर्व्हरवर सेंटओएस ७ ही लिनक्स प्रणाली होती. त्यातला जीफोर्ट्रान ४.८.५, म्हणजे फोर्ट्रान भाषेचा कंपायलर, फार जुना, म्हणून मी जीसीसी १० हा नवा कंपायलर-संच निवडला; जीफोर्ट्रान त्यातच येतो. पहिला अडथळा एमपिच ३.३ च्या कॉन्फिगरमध्येच, म्हणजे बांधणीआधीच्या तपासणीतच, आला (एमपिच ही एमपीआयची लायब्ररी, जिच्यामुळे अनेक प्रोसेसर एकमेकांना माहिती पाठवत एकत्र काम करतात): एकाच रूटीनला (उपप्रोग्रॅमला) वेगवेगळ्या प्रकारची आर्ग्युमेंट्स, म्हणजे इनपुट मूल्ये, देणाऱ्या फाइली हा कंपायलर स्वीकारत नाही, असा संदेश देऊन ते थांबले. एमपीआयच्या जुन्या फोर्ट्रान कोडमध्ये तोच ‘सेंड’ कधी पूर्णांकांच्या, तर कधी दशांश संख्यांच्या अ‍ॅरेसाठी वापरलेला असतो. आधीचे जीफोर्ट्रान हे चालवून घेत असत, परंतु २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून ही विसंगती चूक ठरू लागली. ‘-एफअलाउ-आर्ग्युमेंट-मिसमॅच’ हा पर्याय दिल्यावर मार्ग मोकळा झाला, मात्र तो एफफ्लॅग्ज आणि एफसीफ्लॅग्ज या कंपायलरचे पर्याय ठेवणाऱ्या दोन्ही व्हेरिएबलांत द्यावा लागतो, हे कळेपर्यंत एक दिवस गेला. हा पर्याय चुकीला केवळ इशाऱ्याचे रूप देतो, आर्ग्युमेंट खरोखरच चुकीचे असेल तर ते दुरुस्त करत नाही, म्हणून तो सरसकट वापरताना मला आजही अवघडल्यासारखे होते.

हवामानाची आकडेवारी साठवणारी नेटसीडीएफ ही लायब्ररी मात्र सर्व्हरवर आधीपासून आहे, असे समजून मी निश्चिंत होते. चाचणीसाठी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमने तो समज दूर केला: नेटसीडीएफची मॉड्यूल फाइल जीफोर्ट्रानच्या वेगळ्या आवृत्तीने तयार झाली असल्याने वाचता येत नाही, असे उत्तर आले. म्हणून सी आणि फोर्ट्रान अशी दोन्ही लायब्ररी त्याच कंपायलरने, एकाच फोल्डरमध्ये, पुन्हा तयार केल्या.

खरी दमछाक त्यानंतर, प्रत्यक्ष डब्ल्यूआरएफ ४.० कंपाइल करताना झाली. त्याची मेकफाइल, म्हणजे कंपाइल करण्याच्या पायऱ्यांची फाइल, चुका झाल्या तरी न थांबता पुढे जात राहते, त्यामुळे अर्ध्या तासाने हजारो ओळींचा लॉग (संदेशांची नोंद) हाती येतो आणि शेवटी एक्झिक्युटेबल तयार झाली नाहीत एवढेच समजते. मी दोन दिवस त्या शेवटच्या ओळींमागे लागले होते. लिंकिंगमध्ये, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडताना, न सापडलेल्या नावांची लांबलचक यादी पाहून लायब्ररींचे मार्ग बदलत राहिले, आणि प्रत्येक वेळी नवी कॉन्फिगर फाइल तयार करताना आधी हाताने केलेले बदल पुसले जात होते. अखेरीस लॉग वरून खाली वाचायला घेतला, तेव्हा सुरुवातीलाच तीच आर्ग्युमेंटची विसंगती दिसली. त्या एका फाइलचे मॉड्यूल तयार झाले नव्हते, आणि खालच्या साऱ्या चुका तिच्यावर अवलंबून असलेल्या फाइलींच्या होत्या. कॉन्फिगर-डॉट-डब्ल्यूआरएफमधल्या फोर्ट्रानच्या मूळ पर्यायांच्या ओळीत तोच पर्याय जोडला, आधीचे सारे साफ करून पुन्हा कंपाइल केले, आणि रिअल (सुरुवातीची माहिती तयार करणारे) व डब्ल्यूआरएफ (प्रत्यक्ष प्रारूप) ही दोन्ही एक्झिक्युटेबल मिळाली.

प्रारूप चालवायला दिले, तर ते पहिल्याच सेकंदाला ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून बंद पडले. वेग वाढावा म्हणून मी ‘-मार्च=नेटिव्ह’ हा, जिथे कंपाइल होते त्याच प्रोसेसरसाठी कोड तयार करणारा, पर्याय जोडला होता. मी कंपाइल करत होते त्या लॉगिन नोडचा (सर्व्हरच्या प्रवेश-संगणकाचा) प्रोसेसर नवा आणि गणना करणारे नोड जुने, त्यामुळे कंपायलरने वापरलेल्या सूचना त्या जुन्या प्रोसेसरांना ठाऊकच नव्हत्या. तो पर्याय काढला, पुन्हा सारे कंपाइल केले, आणि शिवाय पडताळणीसाठी ऑप्टिमायझेशन (कंपायलरचे वेगवाढीचे बदल) बंद ठेवून दुसरी प्रत तयार केली. दोन्ही प्रतींच्या पहिल्या तासातल्या तापमानात फरक पडला तो केवळ शेवटच्या काही दशांश स्थळांत, आणि तेव्हाच मी २६ जुलैची पूर्ण धाव सुरू केली.