धोटा, साठ शब्द आणि बीएची डिग्री

‘बीए इतिहास करून पुढं काय?’ हा प्रश्न आपल्याकडचे काका-मामाच विचारतात, असं मला इथं येईपर्यंत वाटायचं. इथं तो सरकारच विचारतं. इंग्लंडमध्ये डिग्री संपल्यावर साधारण १५ महिन्यांनी मुलांना एक प्रश्नावली येते: सध्या काय करता, शिकलेलं कामाला येतं का. उच्च शिक्षणाच्या नियामकानं २०२२ मध्ये त्यावर आकडाच ठरवून टाकला. पूर्णवेळ डिग्री घेतलेल्यांपैकी निदान ६० टक्के मुलं बऱ्या नोकरीत किंवा पुढच्या शिक्षणात दिसली पाहिजेत, नाहीतर विद्यापीठाची चौकशी लागू शकते. त्यामुळं इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या विभागांची झोप उडालेली आहे.

मी मँचेस्टरजवळच्या एका विद्यापीठात इतिहास शिकवते. आधी इथंही आपल्यासारखाच उपाय केला होता: बुधवारी दुपारी बायोडेटा लिहायची कार्यशाळा. फुकट सामोसे ठेवले असते तरी कुणी फिरकलं नसतं. मग करिअर कक्षातली माणसं अभ्यासक्रमाच्या बैठकीतच येऊन बसायला लागली आणि नोकरीची तयारी वेगळ्या तासातून निघून पेपरच्या आत आली.

आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला कापडगिरण्यांच्या इतिहासाचा २० क्रेडिटचा पेपर आहे. तीन वर्षांची अख्खी डिग्री ३६० क्रेडिटची, त्यातला हा एवढा तुकडा. पूर्वी त्यात दोन निबंध असायचे. आता एक निबंध आणि एक पाटी. संग्रहालयात वस्तूखाली लावतात तसली पाटी, साठ शब्दांत.

एका मुलीच्या वाट्याला धोटा आला, म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं धावतो तो. लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, बाजूला बारीक भोक. विट्यात यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या मला तो ओळखायला पाटी लागत नव्हती, पण त्या मुलीनं असली वस्तू पहिल्यांदाच हातात घेतलेली. पहिला खर्डा आला तो ‘औद्योगिक क्रांतीच्या सामाजिक-आर्थिक संदर्भात’ इथून सुरू झालेला, शब्द दोनशेच्या वर. मी विचारलं, पोरांना घेऊन आलेली बाई इथं अर्धा मिनिट थांबेल, ती यातलं काय वाचेल? पुढच्या खर्ड्यात तिनं सगळं खोडून असं लिहिलं: ‘हे भोक बघा. यातून धागा ओढून घ्यायला विणकर बाई तोंड लावायची. तिच्या आधी नि नंतर दुसऱ्या बायकांनीही याच धोट्याला तोंड लावलेलं असे.’ त्यापुढं आजार पसरण्याच्या भीतीबद्दल दोन वाक्यं. झालं.

पण मार्क खरे पाटीला नाहीत. सोबत एक टिपण द्यावं लागतं: कुठलं वाक्य कुठल्या पुराव्यावर उभं आहे, काय गाळलं आणि का गाळलं. हेच ती मुलगी मुलाखतीत सांगू शकते. पुरावा पारखणं, नको ते काढणं, समोरच्याला कळेल असं लिहिणं. इतिहासवाले हे पूर्वापार करत आलेत, फक्त ते नोकरीच्या अर्जात कधी लिहिलं जात नव्हतं.

सगळंच गोड आहे असं नाही. गटात काम दिलं की एक जण राबतो आणि चौघं मार्क खातात, ते सातासमुद्रापलीकडेही सुटलेलं नाही. आणि तो ६० टक्क्यांचा हिशोब मला पटत नाही. दुकानात अर्धवेळ काम करून कादंबरी लिहिणारा पोरगा त्या तक्त्यात नापास दिसू शकतो.

आता आपल्याकडे बघा. नव्या शैक्षणिक धोरणानं बीएलाही कौशल्याचे पेपर आणि ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, आणलं. भाची सांगते, ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून घ्यायचा, फाईल जमा करायची, की झाला कामाचा अनुभव. कौशल्याच्या तासाला बाहेरून पाहुणे येतात आणि हस्तांदोलन कसं करावं ते शिकवतात. आणि इकडं आपल्या कपाटांत मोडी लिपीतली दप्तरं पडून आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निघाल्यावर मोडी वाचणाऱ्यांची किती शोधाशोध झाली, ते सगळ्यांनी पाहिलं.

मला सांगलीत एकच पेपर लावायचा हक्क दिला, तर मी महापुराचा लावीन. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे सांगलीतलं शेंबडं पोरही सांगेल. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पण किती फुटाला कुठल्या गल्लीत पाणी शिरतं, ते आकड्यात नसतं, म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात असतं. इतिहासाच्या पोरांनी सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड इथं घरोघरी जाऊन ते टिपून घ्यावं. भूगोलाच्या पोरांनी ते नकाशावर मांडावं. मराठीच्या पोरांनी त्यावरून घर सोडण्याची सूचना लिहावी, साठ शब्दांत, जी रात्री दोन वाजता घाबरलेल्या माणसालाही एका वाचनात कळेल. आणि प्रत्येकानं टिपण जोडावं: ही माहिती कुणी दिली, दुसऱ्या कुणाशी ताडून पाहिली का.

याला ना इंग्रजी संभाषणाचा वर्ग लागतो ना टाय. एखाद्या प्राध्यापकानं मनावर घेतलं तर मला कळवा. सूचनांचे खर्डे तपासायला मी इथून बसेन. तुमच्याकडं संध्याकाळ असते तेव्हा माझी दुपार असते, त्यामुळं वेळ जमून जाईल.