तरवडीचे संपादक

परवा एका कार्यक्रमाला गेले होते, जुन्या मराठी वर्तमानपत्रांवर बोलणं चाललं होतं, दर्पण झालं, केसरी झाला, नेहमीची सगळी नावं झाली पण मुकुंदराव पाटलांचं नाव कुणीच घेतलं नाही. घरी येईपर्यंत तेच मनात घोळत होतं, म्हणून लिहायला बसले.

माझं आजोळ नेवासा तालुक्यातलं, त्यामुळे तरवडी हे मुकुंदरावांच्या गावाचं नाव लहानपणापासून कानावर आहे. 1910 मध्ये मुकुंदरावांनी 'दीनमित्र' साप्ताहिक काढलं तेव्हा ते पंचविशीच्या आतबाहेरचे होते आणि 1967 मध्ये वारले तोपर्यंत ते चालवलं. 57 वर्षं! तेही खेड्यात राहून. पेपर काढायचा तर पुण्या-मुंबईला जायचं, छापखाने तिथे, जाहिराती तिथे, शिकलेला वाचक तिथे, पण यांनी छापखानाच गावात आणला कारण ज्यांच्यासाठी लिहायचं ती माणसं इथेच होती ना.

मुकुंदरावांचे वडील कृष्णराव भालेकर, महात्मा फुल्यांचे सहकारी. त्यांनी 1877 ला पुण्यात 'दीनबंधू' हा पेपर सुरू केला, तो पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईला नेला. मुकुंदराव दत्तक गेले ते पाटलांच्या घरात, म्हणून आडनाव वेगळं, बाकी वसा तोच, फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचा.

मला सगळ्यात आवडतं ते त्यांचं 'कुलकर्णी लीलामृत'. तेव्हा गावाचं दप्तर कुलकर्ण्याच्या, म्हणजे गावचे हिशेब आणि नोंदी ठेवणाऱ्याच्या हातात, शेतकऱ्याला वाचता येत नाही, त्यामुळे कागदावर काय चढलंय ते कुणाला कळणार? हा सगळा कारभार त्यांनी चक्क ओव्यांमध्ये लिहिला, पोथीसारखा. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही पोथी ऐकायची सवय होतीच की, एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. आपला वाचक इतका नीट ओळखणारा संपादक मला तरी दुसरा सापडला नाही.

आमचे आजोबा सांगायचे, पारावर पेपर असाच वाचला जायचा, एखादं वाक्य आवडलं की म्हातारी माणसं म्हणायची, "परत वाच रं."

तरवडीत त्यांचं स्मारक आहे, शनिशिंगणापूरला जाताना एवढे लोक नेवाशात येतात, थोडी वाट वाकडी करून जाऊन या. आणि कुणाच्या घरी माळ्यावर, पेटीत दीनमित्रचे जुने अंक असतील तर प्लीज रद्दीत देऊ नका, निदान मोबाईलवर फोटो तरी काढून ठेवा, तो कागद आता हात लावला तरी तुटतो.