मागावरचा गव्हर्नर

लायडनमध्ये तो विणकर होता, या एका ओळीवर मी अडकलो. विल्यम ब्रॅडफर्ड म्हणजे अमेरिकेतल्या प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर, मेफ्लॉवर जहाजातून गेलेला, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आणि हा माणूस हॉलंडमध्ये कितीतरी वर्षं फस्टियन नावाचं जाड कापड विणून पोट भरत होता! आमचं घर बेळगावच्या वडगावातलं, आजोबांचा खड्डामाग मी सहावीत असेपर्यंत चालू होता, पावसाळ्यात खड्ड्यात खालून पाणी पाझरायचं आणि आजोबा पहाटे उठून ते डब्यानं उपसून मगच मागावर बसायचे, आज्जी शेजारी कांड्या भरत असायची. त्यामुळं गव्हर्नर-बिव्हर्नर राहिलं बाजूला, मी त्या विणकराच्याच मागं लागलो.

जन्म १५९० चा, यॉर्कशरमधल्या ऑस्टरफिल्ड गावात, शेतकऱ्याचं पोर. वर्षाचा असताना बाप गेला, सातव्या वर्षी आई. काकांनी वाढवलं. तब्येत नाजूक, शेतात फारसा उपयोग नाही, म्हणून बायबल वाचत बसायचा आणि त्यातनंच शेजारच्या स्क्रूबी गावातल्या एका गटाकडं ओढला गेला. राजाच्या चर्चमध्ये आम्ही येणार नाही, आमची प्रार्थना आमच्या पद्धतीनं करणार, असं म्हणणारे हे लोक. त्या काळात हा गुन्हाच. पकडापकडी झाली, तुरुंग झाला, शेवटी १६०८ च्या सुमारास लपूनछपून हॉलंडला गेले, आधी ॲमस्टरडॅम, मग लायडन.

लायडनला त्यांना बरं चाललं होतं, धर्मासाठी कुणी त्रास देत नव्हतं, मग सोडलं कशाला? काम अंग मोडणारं होतं, स्पेनबरोबर लढाई परत पेटायची भीती होती, ती कारणं आहेतच. पण अजून एक होतं, पोरं डच व्हायला लागली होती, आपली भाषा आणि आपली ओळख दोन्ही जाणार असं वाटायला लागलं होतं. हे वाचून मी मोबाईल खाली ठेवला. बेळगावातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही. १९५६ पासून आमच्या घराघरात हाच विषय आहे. बाजारात कानडी, घरात मराठी, पोरं इंग्लिश मीडियमला. कानडीशी माझं भांडण नाही, शेजारपाजार सगळं कानडी आहे आणि अडीअडचणीला तेच धावून येतात, पण आई जेव्हा माझ्या भाच्याबद्दल म्हणते, “पोराला मराठी वाचायला येईना झालंय बघ,” तेव्हा पोटात तुटतं.

ते लोक यासाठी समुद्र ओलांडून गेले. १६२० चा सप्टेंबर, जहाजात १०२ प्रवासी, दोन महिन्यांवर प्रवास. ब्रॅडफर्ड आणि त्याची बायको डोरोथी यांनी तीन-चार वर्षांच्या पोराला, जॉनला, मागंच ठेवलं होतं. जहाज अमेरिकेच्या किनाऱ्याला, केप कॉडला लागलं, ब्रॅडफर्ड बाकीच्यांबरोबर होडीतनं वस्तीला जागा शोधायला गेला आणि इकडं डोरोथी नांगरलेल्या जहाजावरनं पाण्यात पडून बुडाली. डिसेंबरची थंडी. तो परत आला तेव्हा हे कळलं.

आणि वसाहतीची हकीकत सांगणारं एवढं मोठं पुस्तक लिहिणाऱ्या या माणसानं त्यावर काय लिहिलं? प्रवाशांची यादी आहे शेवटी, तीस वर्षांनी केलेली, त्यात सगळ्या प्रवाशांचं कोण जगलं, कोण गेलं, तसंच स्वतःबद्दलही, की बायको आल्यावर लवकरच वारली. संपलं.

हे वाचून मला आजोबांची चोपडी आठवली. रेशीम किती आलं, पातळं किती गेली, कुणाकडनं किती येणं, सगळं बारीक अक्षरात. आज्जी गेली त्या दिवशीच्या पानावर दोनच शब्द आहेत, “माग बंद.” आजोबांना दुःख झालं नव्हतं असं कोण म्हणेल?

पहिल्या हिवाळ्यात निम्मी माणसं मेली. एक वेळ अशी की सहा-सातच माणसं उभी होती आणि तीच बाकीच्यांचं सगळं करत होती, जेवण भरवण्यापासून घाण धुण्यापर्यंत. १६२१ च्या वसंतात पहिला गव्हर्नर कार्व्हर वारला आणि ३१ वर्षांच्या ब्रॅडफर्डला निवडलं. पुढं जवळजवळ तीस वेळा तोच. सामायिक शेती पुरेना, कुरकुर वाढली, तेव्हा १६२३ ला त्यानं घराघराला जमीन वाटून दिली आणि बायकासुद्धा लेकरं घेऊन मका लावायला निघाल्या.

पण हे सांगितलं नाही तर खोटं होईल, प्लिमथ जिथं वसलं तिथं आधी तिथल्या मूळ लोकांचं पटक्सेट नावाचं गाव होतं, थोड्याच वर्षांपूर्वी साथीनं रिकामं झालेलं. त्या गावचा तिस्क्वांटम, ज्याला इंग्रजांनीच पळवून स्पेनमध्ये विकलं होतं, तो परत आला तर घरी कोणीच नाही. त्याच माणसानं यांना मक्याच्या बुंध्यात मासे पुरून खत करायला शिकवलं. आणि १६३७ मध्ये इंग्रजांनी मिस्टिक इथं पेक्वॉट या तिथल्याच मूळ लोकांची वस्ती माणसांसकट जाळली, तेव्हा ब्रॅडफर्ड ते लिहून देवाचे आभार मानतो. आपली भाषा वाचवायला निघालेला माणूस दुसऱ्याच्या जळत्या घराबद्दल असं लिहितो, हे मला पचत नाही, विणकर असला तरी नाही.

१६३० ला त्यानं त्या पुस्तकाची वही लिहायला घेतली. अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत ती गायब झाली, १८५५ मध्ये लंडनच्या बिशपच्या फुलहॅम पॅलेसमध्ये सापडली, १८९७ ला मॅसॅच्युसेट्सला परत गेली. तिच्या पानांवर हिब्रू शब्द आहेत. साठीच्या आसपास तो हिब्रू शिकायला बसला होता, देवाची वाणी ज्या भाषेत आली ती बघायची म्हणून. १६५७ च्या मे महिन्यात वारला.

गेल्या रविवारी भाच्याला आजोबांची चोपडी दाखवली. बोट ठेवून पा, त, ळ असं एकेक अक्षर लावत त्यानं एक ओळ वाचली आणि विचारलं, “मामा, पातळ म्हणजे?” मी आईच्या ट्रंकेतलं आजोबांनी विणलेलं एक काढून त्याच्या हातात दिलं.