आमची वाटचाल : सहा अवजारे आणि एक पट्टा

आमच्याकडे चामड्याचे काम शिकायला येणाऱ्याच्या हातात पहिल्या रविवारी सहा वस्तू दिल्या जातात : चामडे कापायची रापी, स्टीलची फूटपट्टी, कंपास, शिलाईची भोके पाडायची आरी, सुयांची जोडी आणि पट्ट्याची छिद्रे पाडायचा पंच. एवढ्यावर तो चार रविवारांत स्वतःच्या कमरेचा पट्टा तयार करतो आणि तो लावूनच घरी जातो. गेल्या काही वर्षांत मात्र बरेच जण येताना बत्तीस अवजारांची एक निळी पेटी बरोबर घेऊन येतात, आणि ती कोणाकडून घेतली हे मला विचारावे लागत नाही. दुकानाला पंधरा वर्षे झाली, आता वाटचाल लिहून काढ, असे मुलाने सुचवले तेव्हा प्रथम ती पेटीच डोळ्यांसमोर आली. पण पेटीविषयी बोलायचे तर त्याआधीचे बरेच सांगावे लागते.

माझे वडील नागपुरात सीताबर्डीच्या पदपथावर बसून जोडे दुरुस्त करीत आणि पोळ्याच्या आधीचे दोन महिने घरी बैलांचे घुंगरपट्टे शिवीत. श्रावण अमावास्या जवळ आली की उमरेड, कुही या भागांतले शेतकरी पट्टे न्यायला येत आणि आमच्या एका खोलीत पाय ठेवायला जागा उरत नसे. म्हशीचे जाड चामडे, पितळी घुंगरे आणि मेण लावलेला दोरा याखेरीज त्या कामाला काही लागत नव्हते. मी सातवीत असताना वडिलांनी रापी माझ्या हातात दिली, पण ती कापण्यासाठी नव्हे, धार लावण्यासाठी. वर्षभर मी ती निसण्यावर घासली आणि नंतर जुन्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला पॉलिशची वडी चोळून त्यावर पाते मागे ओढत राहिले. कधी बोट कापले की ते म्हणत, "हात कापला म्हंजे रापी बोथट होती समज." तेव्हा मला हा निव्वळ चेष्टेचा प्रकार वाटे, पुढे शिकवायला लागल्यावर लक्षात आले की बोथट पात्यावर माणूस जोर देतो आणि जोर दिलेले पातेच निसटते. ती रापी आजही माझ्याकडे आहे. झिजून तिचे पाते निम्मे राहिले आहे, आणि ती मी कोणालाही वापरू देत नाही.

2010 मध्ये सक्करदऱ्याजवळ एक गाळा भाड्याने घेऊन मी दुकान सुरू केले. त्याआधी मी इतवारीतल्या एका दुकानासाठी ब्लाउज शिवत असे, आणि पहिली तीन वर्षे चामड्याचे दुकान प्रत्यक्षात त्या ब्लाउजांच्या पैशांवरच चालले. चामडे विकणारे व्यापारी माझ्याशी न बोलता माझ्या भागीदाराशी बोलत, चामड्याला हात लावून मी भाव विचारला तरी उत्तर त्यालाच देत. आडनाव विचारून मग पाण्याचा पेला घ्यायचा की नाही हे ठरवणारी गिऱ्हाइकेही मी पाहिली आहेत. त्यांतल्या काहींच्या कमरेला आज आमचे पट्टे आहेत, म्हणून अधिक लिहीत नाही.

आम्ही पट्ट्यापासून सुरुवात केली यामागे काही मोठा विचार नव्हता. घुंगरपट्टा आणि माणसाचा पट्टा यांत काम जवळजवळ सारखेच असते. पण नवख्याने अंगावर घालायची पहिली वस्तू म्हणून पट्टाच करावा, हे माझे मत तेव्हापासून बदललेले नाही. घड्याळाचा पट्टा लहान दिसतो म्हणून लोकांना सोपा वाटतो, परंतु त्याचे थर दीड मिलिमीटरपर्यंत तासावे लागतात आणि तासण्यात हात बसायला वर्ष जाते. चपलेला फरमा लागतो, तळ चढवावा लागतो, पायाचे माप घ्यावे लागते. पट्टा म्हणजे साडेतीन-चार मिलिमीटर जाडीची एक सरळ पट्टी. ती जनावराच्या पाठीच्या भागातून, कण्याच्या रेषेला समांतर कापावी. पोटाकडचे चामडे स्वस्त मिळते, पण ते ताणले जाते आणि सहा महिन्यांत पट्टा लांबतो. माप पँटच्या नंबरावरून कधीही घेऊ नये. रोज वापरतो तो पट्टा काढून बक्कल जिथे बसते तिथपासून रोजच्या छिद्रापर्यंत मोजावे. तेच मधले छिद्र. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक इंचावर दोन-दोन छिद्रे, टोकाकडे मधल्या छिद्रापासून सहा इंच, बक्कल बसवायला दुमडण्यासाठी तीन इंच. छिद्रे मोजून पाच किंवा सात असावीत. सहा छिद्रांचा पट्टा पाहिला की करणाऱ्याने माप घेतले नव्हते हे मला दुरूनही कळते.

शिलाईविषयी थोडे अधिक लिहिते, कारण आमचे नाव त्यावरच टिकले. कंपासने कडेपासून चार मिलिमीटरवर रेघ ओढायची, त्याच कंपासची टोके त्या रेघेवर पावलासारखी टाकत टाक्यांच्या खुणा करायच्या आणि आरीने एकेक भोक पाडायचे. आरीचे टोक गोल नसते, शंकरपाळ्याच्या आकाराचे असते. सगळी भोके एकाच तिरकेपणाने पडली तर टाका ओळीत बसतो, नाहीतर दात पडल्यासारखा दिसतो. शिलाईच्या लांबीच्या चौपट दोरा घेऊन त्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवायच्या आणि दोन्ही सुया प्रत्येक भोकातून समोरासमोर न्यायच्या. मशीनच्या शिलाईत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एक टाका तुटला की पुढचे सुटू लागतात. हाताच्या शिलाईत एक टाका झिजला तरी दुसरा दोरा त्याच भोकात ठाम असतो. मशीन मीही घेतले आहे, मुलांची दप्तरे त्यावर होतात. पट्टा होत नाही.

2013 पासून तीन वर्षे बरी गेली. 2015 मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली तेव्हा अनेकांना चामड्याची चणचण भासली, पण आमचे काम पूर्वीपासून म्हशीच्या चामड्यावर होते आणि ते कानपूर व चेन्नईकडून येत असे, त्यामुळे आम्हाला फारशी झळ लागली नाही.

झळ लागली ती 2016 च्या नोव्हेंबरमध्ये. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एका कंपनीची चारशे पट्ट्यांची मागणी आम्ही दिवाळीत घेतली होती. तोपर्यंतची आमची सर्वांत मोठी मागणी. आठ तारखेच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या. आमच्या धंद्यात चामडे रोखीने घेतले जाते, आणि नेहमीच्या व्यापाऱ्याने रोख नसेल तर माल नाही असे स्पष्ट सांगितले. माझ्या भागीदाराने उधारीवर माल देणारा दुसरा व्यापारी शोधून काढला. माल आला तेव्हा मी घरी होते, सासूबाई आजारी होत्या. दोन दिवसांनी दुकानात येऊन पाहिले तर चामडे एकसारखे काळेभोर, एकही डाग नाही, एकही ओरखडा नाही. खऱ्या चामड्यावर जनावराच्या आयुष्याच्या खुणा असतात, काट्याचा ओरखडा असतो, गोचिडीचा ठिपका असतो. इतके निर्मळ चामडे पाहून मला तेव्हाच थांबायला हवे होते. मी भागीदाराला तसे बोलूनही दाखवले. तो म्हणाला, "ताई, रक्षकाच्या पट्ट्यावर कोण भिंग घेऊन बसतं?" आणि मुदत जवळ होती म्हणून मी गप्प बसले. या गप्प बसण्याचा राग मला त्याच्यापेक्षा स्वतःवर अधिक आहे, जरी त्याच्यावरही तो पुरेसा आहे.

ते स्प्लिट होते. चामडे आडवे चिरले की वरचा, दाट तंतूंचा थर निराळा निघतो आणि खाली उरतो तो विरळ, भुसभुशीत थर. त्यावर प्लास्टिकचा लेप देऊन वरच्या थरासारखी नक्षी दाबली की ते अस्सल म्हणून खपवता येते. फेब्रुवारीत पट्टे दिले. एप्रिल-मेच्या उन्हात, घामाने भिजून आणि पुन्हा वाळून, लेप आधी छिद्रांभोवती फुटला, नंतर बक्कलच्या घडीवर. जूनमध्ये पहिली दोन पोती परत आली, पाठोपाठ उरलेली. कंपनीने उरलेले पैसे थांबवले, दिलेले परत मागितले, व्यापाऱ्याची उधारी उभी होतीच. मी बांगड्या गहाण ठेवल्या आणि दुपारी पुन्हा ब्लाउज शिवायला घेतले. भागीदार ऑगस्टमध्ये निघून गेला. जाताना त्याने हिशेबाची वही मागितली नाही, पण आमच्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर लिहिलेली वही त्या दिवसानंतर मला दिसलेली नाही.

म्हणून चामडे घेताना काय पाहावे ते विचारले नसतानाही सांगते. कोपरा झटकन दुमडून पाहा. लेप असेल तर घडीवर पांढुरकी भेग दिसते किंवा पापुद्रा सुटतो. कापलेली कड पाहा. चांगल्या चामड्यात तंतू वरच्या बाजूला दाट होत जातात. कडेला निळसर करडी झाक असेल तर ते क्रोम या रसायनाने कमावलेले आहे, आणि त्याची कड पाण्याने घोटून चमकणार नाही. पट्ट्यासाठी झाडपाल्याने, म्हणजे बाभळीची साल, हिरडा असल्या वस्तूंनी कमावलेले चामडे घ्या. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो शोषला जाऊन ठिपका गडद होतो. आणि नागपुरात काम करायचे असेल तर मे महिन्यात चिकटवायचे सोल्यूशन भर दुपारी लावू नका, दुसरी बाजू लावेपर्यंत पहिली सुकलेली असते. पावसाळ्यात चामडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, बुरशी येते. जुन्या सुती साडीत गुंडाळा.

पट्टे परत आले त्या वर्षी डिसेंबरमध्ये आमचे एक जुने गिऱ्हाईक दुकानात आले. वनखात्यातून निवृत्त झालेले हे साहेब सेमिनरी हिल्सकडे राहतात. 2010 मध्ये आमच्या दुकानातला पहिला विकला गेलेला पट्टा त्यांनीच घेतला होता, आणि दर दिवाळीनंतर ते तो तेल लावायला घेऊन येत. त्या वेळी ते आजारातून उठले होते आणि पट्टा चार इंच मोठा होत होता. टोकाला नवीन छिद्रे पाडून देण्याची माझी पद्धत नाही. पट्टा बक्कलच्या बाजूने उसवून, तिकडून कापून पुन्हा शिवायचा असतो, म्हणजे टोक आणि छिद्रे जागेवर राहतात. उसवायला घेतला तर सात वर्षांचा टाका रापीच्या टोकाने एकेक करून कापावा लागला. साहेब शेजारी स्टुलावर बसून ते अर्धा तास पाहत होते. मी ऐंशी रुपये सांगितले. त्यांनी शंभर दिले आणि वीस परत घेतले, तेवढ्यापुरते ते चोख आहेत. जाताना म्हणाले, "बाई, माझ्या नातवाला हे शिकवाल का? दिवसभर मोबाईल घेऊन बसतो." पुढच्या रविवारी नातू आला आणि त्याच्याबरोबर त्याचे दोन मित्र. मोगरी कमी पडली म्हणून मी घरून कपडे धुण्याची आणली. पंचावर ती लोखंडी हातोडीपेक्षा चांगली चालते, पंचाचे डोके फुटत नाही.

शिकवण्याचे पैसे घ्यावेत की नाही याचा मला बराच काळ संकोच होता. पण दोन वर्षांत बांगड्या सोडवल्या त्या त्याच पैशांतून.

टाळेबंदीनंतर भागीदाराने शहराच्या पश्चिमेकडे स्वतःचे वर्ग सुरू केले. त्याला शिकवता येते हे मी नाकारत नाही; त्याचा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे, आणि नक्षीचे ठसे मारण्यात तर मी त्याच्या जवळपासही नाही. माझी तक्रार तो विकतो त्या निळ्या पेटीविषयी आहे. बत्तीस अवजारांपैकी अठरा नक्षीचे ठसे असतात, जे ओलसर केलेल्या झाडपाल्याच्या चामड्यावरच उठतात, आणि पेटीबरोबर दिलेला नमुन्याचा तुकडा क्रोमचा असतो. आरीला धार नसते. रापी पत्र्याची असते. मनुष्य घरी जाऊन ठसा मारतो, तो उठत नाही, आणि आपल्याला हे काम जमणार नाही असे समजून पेटी कपाटावर टाकतो. भागीदार आपल्या चपलाही कोल्हापुरी म्हणून विकतो. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि ते महाराष्ट्रातल्या व कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांपुरते आहे. त्यांत नागपूर नाही. आमच्याकडे तशीच वेणीची चपल होते आणि तिला आम्ही चपल म्हणतो. गिऱ्हाईक "कोल्हापुरी आहे का?" असे विचारते, आम्ही नाही म्हणतो आणि ते निघून जाते.

परत आलेल्या चारशेपैकी एक पट्टा मी दुकानात खिळ्याला टांगून ठेवला आहे. नवीन येणाऱ्याला मी त्याचा कोपरा दुमडून पाहायला सांगते.

गेल्या उन्हाळ्यात धरमपेठेतली एक कॉलेजची मुलगी आली, निळी पेटी घेऊनच. तिने दोन महिने घरी प्रयत्न करून पाहिला होता. आम्ही पेटी उघडून टेबलावर मांडली आणि कामाच्या सहा वस्तू बाजूला काढल्या. रापीला नवी धार करायला एक रविवार गेला, आरी मात्र फेकून दुसरी दिली. चौथ्या रविवारी तिचा पट्टा पूर्ण झाला. चौथे छिद्र रेघेवरून सुताएवढे सरकले आहे, ते तिला आणि मलाच दिसते. उरलेली सव्वीस अवजारे पेटीत घालून ती आमच्या मांडणीवर ठेवून गेली. पुढच्या वेळी नेईन म्हणाली होती. त्यानंतर ती तीनदा आली, चामडे घेऊन गेली, पेटी तिथेच आहे.