व्हॅनमध्ये बसलं की जीपीएस गायब: माझा अनुभव

गोव्यात डिलिव्हरी करणाऱ्याला लोकेशन दगा देतं तेव्हा काय होतं ते इथल्यांनाच कळेल. पत्ता म्हणून लोक सांगणार कपेलाकडून, म्हणजे छोट्या चर्चकडून, डावीकडे, मग वडाकडे या आणि तिथे कुणालाही विचारा. आता दुपारी दोन वाजता विचारायला रस्त्यावर असतं कोण? आमचं फोंड्यात केटरिंग आहे, जेवणाची ऑर्डर पणजी-म्हापशापर्यंत मीच व्हॅनने पोचवतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर मॅपवरचा निळा ठिपका वेड्यासारखं करायला लागला, भोमला असलो तर मागे कुंडईत दाखवायचा, बाणस्तारीच्या पुलावर तर सरळ पाण्यात.

सल्ले भरपूर मिळाले. एकाने फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवायला सांगितला, पण त्याने होकायंत्र सुधारतं म्हणजे तोंड कुठे आहे ते कळतं, जागा नाही सुधारत. बॅटरी सेव्हर बंद केला, मॅपला प्रिसाइज लोकेशनची परवानगी आहे ना बघितलं, सगळं ठीकच होतं. मोबाईल दुरुस्तीवाला म्हणाला, "पात्राव, अँटेना गेला, बोर्ड उघडावा लागेल, फोन ठेवून जा." फोन ठेवला तर ऑर्डर कशावर घेऊ? तसाच परत आलो.

मग भाच्याने जीपीएसटेस्ट नावाचं ॲप टाकून दिलं, हे फुकट आहे आणि मला विचाराल तर सगळ्यात आधी हेच टाका. त्यात एकेका उपग्रहापुढे छोटा झेंडा दिसतो, अमेरिका, रशिया, चीन, युरोप, फोनमध्ये सोय असेल तर आपला नाविक पण, आणि बाजूला सिग्नलचा आकडा. जागा, उंची सगळं नीट कळायला कमीत कमी 4 उपग्रह लागतात पण नुसते दिसून उपयोग नाही, आकडा चांगला पाहिजे. साधारण 35 च्या वर असला तर झकास, 25 च्या खाली गेला की ठिपका भटकणारच.

फर्मागुडीच्या पठारावर मोकळ्या जागेत व्हॅनबाहेर उभा राहिलो तर वरचे आकडे 38, 40, 41. म्हणजे अँटेना धडधाकट! आत बसून फोन होल्डरला लावला तर तेच उपग्रह 22-23 वर. काच आणि पत्र्यामुळे थोडं कमी होतंच पण इतकं? भाच्याचा फोन लावला, त्याचंही तेच, तेव्हा नक्की झालं की भानगड व्हॅनमध्ये आहे. मग एकेक वस्तू काढायला सुरुवात केली. होल्डर बदलला, काही नाही. चार्जर काढला, काही नाही. डॅशकॅमची, म्हणजे समोरचा रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्याची, वायर उपटली आणि आकडे डोळ्यांदेखत चढले, 30, 33, 35. परत लावली की धपकन खाली. खात्रीसाठी भाच्याला सारखी लाव-काढ करायला लावली, शेवटी तो वैतागला.

हा कॅमेरा स्वस्तातला, आरशाखाली चिकटवलेला, आणि फोनचा होल्डर त्याच्या अगदी शेजारी. जीपीएसचे उपग्रह 20,200 किलोमीटरवर, तिथून येणारा सिग्नल इतका नाजूक की जत्रेत लाऊडस्पीकरखाली उभं राहून कुणाची कुजबुज ऐकण्यातला प्रकार. स्वस्त कॅमेऱ्यात शिल्डिंग, म्हणजे गोंगाट आत अडवणारं कवच, धड नसतं, आतल्या सर्किटचा रेडिओ गोंगाट जीपीएसच्या 1575.42 मेगाहर्ट्झच्या आसपास पसरतो आणि बिचारा फोन बहिरा होतो.

वायरीतला गोंगाट अडवायला फेराइटचा मणी लावून बघितला, किंचित फरक पडला, पैसे वाया म्हणा हवं तर. कॅमेरा मागच्या काचेवर नेला तेव्हा खरा गुण आला, आता होल्डरवर पण 33-34 मिळतात. पुढे मात्र कॅमेरा राहिला नाही, तो चांगल्या कंपनीचा घ्यायचा आहे, बघू चतुर्थीनंतर.

कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, शिरलो की ठिपका अजून डगमगतो, ओल्या पानांचं छप्पर डोक्यावर असल्यावर ते चालायचंच. आणि मांडवीवर अटल सेतू वर, जुने पूल खाली, तिथे मॅप कधी कधी भलत्याच पुलावर टाकतो, त्यात रिसेप्शनचा दोष नाही, वरखाली रस्ते असले की तो गोंधळतोच. तिथे मी आवाज बंद करून बोर्ड बघत जातो.