ताप तेव्हा आला, मग केस आता का गळतायत?

"डॉक्टर, डेंग्यू बरा होऊन तीन महिने झाले, जेवणही नीट आहे. मग केस आता का गळतायत?" पावसाळा सरला की हा प्रश्न ठरलेला. लग्नाआधी झपाट्याने वजन उतरवलेल्या मुलीही हेच विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

दिसणारा केस निर्जीव असतो. जिवंत असतं ते कातडीतलं मूळ. वाढीच्या काळात तिथल्या पेशी इतक्या वेगाने विभागतात की शरीरात फार थोड्या पेशी त्यांची बरोबरी करतात. डोक्यावर साधारण लाखभर केस आणि प्रत्येकाची वाढ महिन्याला सेंटिमीटरभर, म्हणजे खर्च मोठा. इंधन मुख्यतः ग्लुकोज. ऑक्सिजन असतानाही या पेशी बरंचसं ग्लुकोज अर्धवटच जाळतात, लॅक्टेट या मधल्या पदार्थापर्यंत. 2017 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी उंदरांत पाहिलं, की केसाच्या मूलपेशींमधलं, म्हणजे नव्या पेशी जन्माला घालणाऱ्या पेशींमधलं, लॅक्टेट बनणं बंद केलं तर विसावलेलं मूळ जागंच होत नाही, आणि वाढवलं तर लवकर जागं होतं. हा शोध मला फार मोलाचा वाटतो. औषध म्हणून मात्र तो अजून चाचण्यांच्याच टप्प्यात आहे.

मोठा ताप किंवा उपासमार झाली की पुष्कळ मुळं एकदम वाढ थांबवून विश्रांतीत जातात. केस लगेच पडत नाही, दोन-तीन महिने तसाच अडकून राहतो आणि मग सुटतो. टोकाला पांढरा दाणा दिसला की "मुळासकट गेला हो" म्हणून बायका रडकुंडीला येतात. तो दाणा म्हणजे केसाचं घट्ट झालेलं बूड. मूळ आत शाबूत असतं, तिथे पुन्हा केस येतो.

म्हणून मी तेलाचं नाव सांगण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासायला सांगते. नव्या पेशींचा डीएनए बनायला लोह लागतं, आणि पेशींच्या ऊर्जाखर्चाचा वेग थायरॉइड ठरवतं. केसांसाठी घेतात त्या बायोटिन या जीवनसत्त्वाची कमतरता क्वचितच असते. उलट त्याच्या मोठ्या डोसमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो, तेव्हा गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगा.

आनुवंशिक टक्कल वेगळं. तिथे हार्मोनच्या प्रभावाने मुळं बारीक होत जातात, आणि उपचार जितके लवकर तितके केस वाचतात. तापानंतरची गळती बहुधा सहा महिन्यांत थांबते. त्यापुढे चालू राहिली, भांग रुंदावला किंवा चकत्या पडल्या, तर दाखवायला या.